अडीचशे सोडून पन्नास

मुलांनो,

परवा आमच्या चौथीच्या वर्गात पगार, खर्च आणि शिल्लक यांची उदाहरणे चालली होती. मी फळ्यावर लिहिले, "एका माणसाला दरमहा २५० रुपये मिळणार आहेत. ते सोडून तो दरमहा ५० रुपये घेतो. तर त्याचा वर्षाचा तोटा किती?"

आमची पोरं गणितात हुशार. दोनशे गुणिले बारा, दोन हजार चारशे! उत्तर बरोबर आले. पण मागच्या रांगेतून एक आवाज आला, "मॅडम, गनितच चुकलं हाये. असा कोनी करते का जी?"

सगळा वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. गणित चुकलेले नव्हते. ते उदाहरण मी एका खऱ्या माणसाच्या आयुष्यातून घेतले होते. तो माणूस नुसता पगार सोडून थांबला नाही. मिळालेली जागा सोडून तो पुन्हा पुन्हा दूर जात राहिला. कुठे गोवा आणि कुठे अमेरिका, रशिया! आज त्याचीच गोष्ट सांगते.

पण आधी एक सांगा. वर्ग का हसला?

आपल्या देवरीत 'नोकरी' या शब्दाला किती वजन आहे ते तुम्ही रोज पाहता. धानाचं पीक पावसावर. तेंदूपत्त्याचं काम उन्हाळ्यात थोडे दिवस. मोहफुलं वेचायची तीही हंगामात. धान कापून झाला की कितीतरी घरांतली माणसं कामासाठी नागपूरला, हैदराबादला जातात. अशा गावात दर महिन्याला ठरलेला पगार येणं म्हणजे घराला भक्कम मयाल मिळाल्यासारखं. मी डी.एड. झाले आणि बरीच वर्षे वाट पाहून नोकरी लागली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. असली नोकरी कोणी सोडली की लोक म्हणणारच, "याले का झालं?"

म्हणून तुमचं हसणं मला समजतं. आता गोष्ट ऐका.

एका मासिकाचं पान

त्या माणसाचे नाव धर्मानंद कोसंबी. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांकवाळ गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. शाळा म्हणावी तर मराठीच्या जेमतेम काही यत्ता. पुढे घरच्या नारळीच्या बागेची देखभाल करायची, नारळ मोजायचे, हिशेब ठेवायचा. लहान वयात लग्नही झाले. पत्नीचे नाव बाळाबाई.

त्या काळात मुलांसाठी 'बालबोध' नावाचे एक मराठी मासिक निघत असे. विनायक कोंडदेव ओक यांनी ते १८८१ साली सुरू केले होते. होय, तुमच्या हातात आता आहे ना, तसंच मुलांसाठीचं! विशीत आलेल्या धर्मानंदांच्या हाती 'बालबोध'चा एक अंक पडला. त्यात गौतम बुद्धांचे छोटेसे चरित्र होते. ते त्यांनी वाचले आणि त्यांना चैन पडेना. हा माणूस नेमका काय शिकवत होता? त्याची शिकवण मुळात कोणत्या ग्रंथांत आहे? ते ग्रंथ कुठे मिळतात?

गावात सांगणारे कोणी नव्हते. मराठीत त्या विषयावर पुस्तकेही फारशी नव्हती. मग धर्मानंदांनी ठरवले, आपणच जाऊन शिकायचे.

१८९९ च्या अखेरीस ते घरातून निघाले. पदरी पैसा बेताचा. मागे घर, बाग, बायको आणि माणिक नावाची तान्ही मुलगी. हे मागे राहिलेले लोक ध्यानात ठेवा बरं का. आपण त्यांच्याकडे पुन्हा येणार आहोत.

पुणे, काशी, नेपाळ, लंका

आधी ते पुण्याला गेले. तिथे थोर संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन मिळाले. मग ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीला ते अन्नछत्रात जेवत आणि संस्कृत शिकत. १९०२ साली ते नेपाळला गेले. बुद्धांचा जन्म त्याच बाजूचा, तेव्हा तिथे नक्की काही सापडेल असे त्यांना वाटत होते. पण पदरी निराशा आली. पुढे बोधगयेला त्यांना कळले की खरा अभ्यास करायचा तर सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, जायला हवे.

तुम्ही नकाशा काढा आणि बोट ठेवा. वर नेपाळ, अगदी खाली श्रीलंका. एवढा मोठा देश ओलांडून हे गृहस्थ त्याच वर्षी कोलंबोला पोचले. तिथे विद्योदय नावाची मोठी विद्यापीठासारखी शाळा होती आणि सुमंगलाचार्य तिचे प्रमुख होते. त्यांच्यापाशी धर्मानंद पाली भाषा शिकू लागले. बुद्धांची वचने ज्या जुन्या ग्रंथांत सापडतात, त्यांची भाषा पाली. पुढे ते ब्रह्मदेशातही, म्हणजे आजच्या म्यानमारमध्येही, राहून आले.

१९०६ साली ते कलकत्त्याला आले. इतका प्रवास आणि इतका अभ्यास करून आलेला पालीचा पंडित आपल्या देशात तेव्हा दुर्मिळच. आधी तिथल्या नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. जेमतेम शाळा शिकलेला नारळीच्या बागेतला माणूस विद्यापीठात शिकवतो आहे, विचार करा!

आता ते गणित

कलकत्त्याला राहिलात तर महिना २५० रुपये मिळतील, असे त्यांना सांगण्यात आले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. घरदार आणून सुखाने राहता आले असते.

पण धर्मानंदांच्या मनात वेगळेच होते. 'बालबोध'मधले ते पान वाचून आपल्याला जे प्रश्न पडले, ते आणखी कितीतरी मराठी माणसांना पडत असतील. त्यांनी उत्तरासाठी लंकेपर्यंत का जावे? हे सगळे मराठीत आले पाहिजे. त्यासाठी मराठी मुलखात राहिले पाहिजे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना सांगितले, तुम्ही महाराष्ट्रात कुठेही राहा, अभ्यास करा, पुस्तके लिहा, बडोदा सरकार तुम्हाला महिना ५० रुपये देईल. धर्मानंदांनी अडीचशे सोडले आणि पन्नास घेतले.

आता तुम्ही म्हणाल, तोटा तर झालाच! वर्षाला दोन हजार चारशे. खरे आहे. तो तोटा त्यांच्या घराने सोसला. मी तुम्हाला उगाच सांगणार नाही की पैशाचं काही महत्त्व नसतं. पण वहीच्या दुसऱ्या बाजूला काय जमा झाले तेही पाहू. बडोद्याला त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक झाले. ते मराठीत आहे. आणि इकडे आल्यावर त्यांची एका अमेरिकन प्राध्यापकाशी गाठ पडली. त्यांचे नाव जेम्स वुड्स. ते हार्वर्ड विद्यापीठातले. त्यांच्यामुळे १९१० साली धर्मानंदांना थेट अमेरिकेचे बोलावणे आले.

हार्वर्डमध्ये काय काम होते?

हे काम गमतीचे आहे, म्हणून जरा नीट सांगते.

समजा, मी फळ्यावर एक उतारा लिहिला आणि तुम्ही चौघांनी तो उतरवून घेतला. नंतर फळा पुसला. एकाने 'मळा'चे 'माळा' केले, दुसऱ्याची एक ओळच गळली, तिसऱ्याने स्वतःचा एक शब्द घुसडला. आता चारही वह्या समोर ठेवून, फळ्यावर मुळात काय लिहिले होते ते शोधून काढायचे. जमेल?

धर्मानंदांचे काम असेच होते. 'विसुद्धिमग्ग' नावाचा पाली ग्रंथ आहे. बुद्धघोष नावाच्या आचार्यांनी तो पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिला. शेकडो वर्षे तो ताडपत्रांवर हाताने उतरवला गेला, कुठे सिंहली लिपीत तर कुठे बर्मी लिपीत. साहजिकच पोथीपोथीत फरक पडले. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने या पोथ्या ताडून पाहायचे काम हाती घेतले होते, पण १८९९ साली त्यांचे निधन झाले. ते अपुरे काम धर्मानंदांनी पुढे न्यायचे होते. बोस्टन शहराजवळच्या केंब्रिज गावात बसून ते एकेक शब्द तपासत. लंका आणि ब्रह्मदेश इथले शिक्षण आता उपयोगी पडत होते.

परदेशात सगळे गोडगोडच झाले असे नाही. ग्रंथाचे श्रेय कोणाला किती द्यायचे, यावरून तिथले प्राध्यापक लानमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली धर्मानंद परत आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पालीचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढीच तयार केली. तुमच्या आजोबांना चिमणराव आणि गुंड्याभाऊ विचारा, ते लगेच हसायला लागतील. ते चिमणराव ज्यांनी लिहिले ते चिं. वि. जोशी पालीचे पंडित होते आणि त्यांना पाली शिकवणारे गुरू म्हणजे आपले धर्मानंद!

फर्ग्युसनची नोकरीही चांगलीच होती. पण १९१८ साली हार्वर्डहून पुन्हा बोलावणे आले आणि तो अपुरा ग्रंथ त्यांना स्वस्थ बसू देईना. सहा वर्षांची नोकरी सोडून ते परत बोटीत बसले. या वेळी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांनाही त्यांनी बरोबर नेले. माणिक तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर पुढे हार्वर्डचा पदवीधर झाला. गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर नाव झालेले दा. ध. कोसंबी म्हणजेच तो दामोदर.

नंतरही धर्मानंद एका जागी टिकले नाहीत. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम केले. १९२९ साली ते रशियातल्या लेनिनग्राडला गेले. परत आल्यावर १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. मुंबईत परळला कामगारांच्या वस्तीत त्यांनी १९३७ साली 'बहुजन विहार' उभा केला. १९४० साली त्यांचे 'भगवान बुद्ध' हे मराठी पुस्तक निघाले. साहित्य अकादमीने पुढे त्याची भाषांतरे अनेक भारतीय भाषांत करवून घेतली. शेवटी ते आपल्या विदर्भातच होते. ४ जून १९४७ रोजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्यांचे निधन झाले.

आणि तो 'विसुद्धिमग्ग'? तो १९५० साली हार्वर्डने छापला. पहिल्या पानावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंद कोसंबी हेही नाव आहे. ते पाहायला मात्र धर्मानंद नव्हते.

मागे राहिलेली माणसं

आता तान्ह्या माणिकला आणि बाळाबाईंना आठवा.

धर्मानंद निघाले तेव्हा फोन नव्हता, की पैसे पाठवायला आजच्यासारखी सोय नव्हती. नवरा कुठे आहे, कधी येईल, येईल की नाही, काही ठाऊक नाही. अशी सहा-सात वर्षे बाळाबाईंनी काढली. बापाने घर सोडले तेव्हा माणिक पाळण्यात होती. परत भेट झाली तेव्हा ती तुमच्या दुसरीतल्या बहिणीएवढी झाली असेल. पुढे अमेरिकेच्या दुसऱ्या वारीत मोठी मुले वडिलांबरोबर गेली, पण बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इकडेच राहिल्या.

धर्मानंदांनी आपल्या प्रवासाची हकिकत 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहिली आहे. बाळाबाईंनी लिहिलेली हकिकत आपल्याकडे नाही. लंकेचा अभ्यास, हार्वर्डचा ग्रंथ, या सगळ्याचा खर्च त्यांनीही भरला. पण त्यांचे नाव कोणत्याच ग्रंथाच्या पहिल्या पानावर छापलेले नाही.

तुमच्यापैकी कोणाचे बाबा कामासाठी दूर असतील. कोणाची आई मुंबईला, कोणाचा काका आखाती देशात असेल. दूर गेलेल्या माणसाचं सगळे कौतुक करतात. घरी पाणी भरणारी आजी, धाकट्याचा अभ्यास घेणारी ताई, शेत एकट्यानं सांभाळणारी आई यांचंही तेवढंच काम असतं. ते कोणी बोलून दाखवत नाही, एवढंच. तुम्ही दाखवा.

मग धर्मानंदांचे बरोबर की चूक? मला विचाराल तर नोकरी सोडण्याचे त्यांचे दोन्ही निर्णय मला पटतात. कलकत्त्याची नोकरी सोडली ती मराठीत लिहायचे होते म्हणून, फर्ग्युसनची सोडली ती हाती घेतलेले काम पुरे करायचे होते म्हणून. कंटाळा आला म्हणून किंवा दुसरा गेला म्हणून ते निघाले नाहीत. पण १८९९ साली घरच्यांना ज्या अवस्थेत सोडून ते गेले, तिथे माझे मन अडखळते. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल असं म्हणावं का? म्हणावं. थोर माणसांची चरित्रं वाचायची ती डोळे उघडे ठेवून. तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असलं तरी चालेल, फक्त कारण सांगता आलं पाहिजे.

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, आज परदेशी जाणे धर्मानंदांच्या काळाएवढे अवघड राहिलेले नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. आपल्या मुलांपैकी कोणी नर्स, इलेक्ट्रिशियन, चालक होऊन उद्या तिकडे जाईलही. तेव्हा तीन गोष्टी लक्षात असू द्या.

पहिली. हातची सरकारी नोकरी सोडण्याआधी रजेचे नियम वाचा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत अध्ययन रजेची आणि असाधारण रजेची तरतूद आहे. मंजुरी मिळाली तर राजीनामा न देताही शिकून येता येते.

दुसरी. नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. 'आधी फिरायच्या व्हिसावर जा, मग कामाचं बघू' असे कोणी म्हणाले तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दहावी न झालेल्या माणसाला आखातातल्या आणि आणखी काही ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. म्हणून मुलामुलींची दहावी सुटू देऊ नका.

तिसरी. जाण्याआधी मुलांना खरे सांगा. कुठे जाणार, किती दिवस, फोन कोणत्या वारी करणार. 'बाजारात जाऊन येतो' असे सांगून निघालेल्या बापाची मुले बरेच दिवस दाराकडे बघत बसतात. आम्हा शिक्षकांना ते वर्गात दिसते.

या आठवड्याचा उद्योग

मुलांनो, घरी आजी-आजोबांना, आई-बाबांना विचारा, आपल्या घरातून गाव किंवा हातचे काम सोडून सर्वांत दूर कोण गेले होते? कशासाठी गेले? किती वर्षांनी परतले? आणि ते गेले तेव्हा मागे कोण राहिले, त्यांनी काय काय सांभाळले? वहीचे पान उभे दुमडा. एका बाजूला गेलेल्या माणसाच्या पाच ओळी लिहा, दुसऱ्या बाजूला राहिलेल्या माणसाच्या पाच ओळी. अक्षर चांगले काढा. आजीला वाचून दाखवा आणि मग मला पाठवा.

पत्रांची वाट पाहते.

तुमची,
देवरीच्या मॅडम